वरईचा भात आणि अळूच्या वड्या

चहा घेणार का, या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं हे मला अकराव्या वर्षी नव्यानं शिकावं लागलं. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर कुणी विचारलं तर माणूस हो म्हणायचा नाहीतर नको म्हणायचा आणि विषय तिथं संपायचा. बाबांना अंबडच्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागली आणि आम्ही तिघं नाशकात इंदिरानगरला, वैद्यकाकूंच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. त्या पहिल्याच संध्याकाळी काकूंनी आईला विचारलं, "चहा टाकू का गं?" आई म्हणाली, "टाका." काकू जराशा थबकल्या, मग हसल्या आणि आत गेल्या. पुढे मी काकूंकडे येणाऱ्या बायका पाहिल्या. त्या आधी नको म्हणायच्या, मग आत्ताच घेतला म्हणायच्या, मग अर्धाच द्या म्हणायच्या आणि शेवटी कपभर पिऊन बशीसुद्धा पुसून काढायच्या. ही सगळी तऱ्हा मी पंधरा दिवसांत उचलली. आईनं कधीच उचलली नाही. तिला हवा असला तर ती टाका म्हणायची, नको असला तर नको, आणि तिचं नको ऐकूनही काकू पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या की ती माझ्याकडे अशी बघायची, जणू या बाईला कमी ऐकू येतं की काय.

वैद्यकाकू तेव्हा साठीच्या आसपास असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. घर त्यांचं अगदी घड्याळावर चालायचं. सकाळी साडेसहाला रेडिओ, सातला देवपूजेची घंटा, अकराला कुकरच्या तीन शिट्ट्या. चौथी शिट्टी झाली तर त्या स्वतःवरच चिडायच्या. आमच्याकडे वर शिट्टी नव्हती, कारण कुकर नव्हता. आमच्याकडे भाकरी थापल्याचा आवाज. तो ऐकून काकू खालून सांगायच्या, "मंजुळा, आज पाच केल्यास गं!" मोजायच्या त्या. जेवणाचंही तसंच. काकूंच्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या. आमच्या ताटात भाकरी मध्ये आणि बाकी सगळं तिच्यावर. महिन्यातून दोन-चारदा आई सुकट भाजायची. काकूंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "तुमचं तुम्ही खा, माझं काही म्हणणं नाही. दार तेवढं लोटून घ्या, खाली देव आहेत." सुकटीचा वास दार लोटल्यानं थांबत नाही हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण त्या नुसत्या दोन उदबत्त्या जास्त लावायच्या. आमच्या जिन्यात सुकट आणि चंदन यांचा जो एक मिश्र वास असायचा तो मला पुढे आयुष्यात कुठेच मिळाला नाही, आणि मिळाला तर मी रडेन की हसेन हे मला सांगता येणार नाही.

आईला नाशकातल्या तीन गोष्टी मनापासून आवडायच्या. एक नळ. तोटी फिरवली की पाणी येतं याचं तिला कित्येक महिने हसू यायचं. काही काम नसताना ती उगाच हात धुवायची. दुसरी खारी. बेकरीतली ती पापुद्र्यांची खारी ती कोऱ्या चहात बुडवून खायची आणि तळाशी उरलेला चुरा बोटानं. तिसरी गोष्ट वैद्यकाकू. हे ती कधी बोलली नाही, पण मला दिसायचं. शहरात तिला बोलायला कुणी नव्हतं. भाजीवाल्याकडे एकदा ती "लय महाग हाय" म्हणाली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. तेव्हापासून ती बाजारात बोटानं दाखवायची आणि मान हलवायची. काकू मात्र तिच्या बोलण्याला हसत नसत. उलट दुपारचं आवरलं की त्या आमचा जिना चढून यायच्या, वरच्या पायरीवर पदर सावरून बसायच्या आणि आईबरोबर तांदूळ निवडता निवडता तासभर बोलायच्या. आईनं तळलेले नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड त्यांना इतके आवडायचे की त्या डब्याकडे न बघता नुसता हात पुढे करायच्या.

मग पाटी आली. काकूंनीच आणली. "बसची पाटी वाचता येत नाही म्हणजे काय मंजुळा? उद्या अंबडच्या ऐवजी सिन्नरला जाऊन बसशील." रोज दुपारी अर्धा तास. आई खालच्या पायरीवर बसायची, काकू वरच्या, आणि माझी शाळा सकाळची म्हणून मी मधे लुडबुडायला मोकळी. आई पटपट शिकली. सहा महिन्यांत ती अंबड वाचू लागली, नाशिक वाचू लागली, रेशनकार्डावरचं आपलं नाव तिनं बोट फिरवत दहादा वाचलं. जोडाक्षरं तेवढी राहिली होती. "ती आता पावसाळ्यात," काकू म्हणाल्या होत्या, म्हणजे पावसात त्यांचं भजन बंद असायचं, वेळ मिळायचा. मी आज सिन्नरला शाळेत शिकवते, हाताखालून शेकडो मुलं गेली, पण पाटीवर स्वतःचं नाव लिहून झाल्यावर आईनं जसं इकडंतिकडं पाहिलं होतं, कुणी पाहिलं का ते, तसं मी पुन्हा कुणाला पाहिलं नाही.

आता माझं सांगते, कारण जे घडलं ते माझ्यामुळे घडलं. शाळेत आदिवासी मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते तेव्हा बाईंनी मला आणि अजून एका मुलीला उभं केलं. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसावा. पण मधल्या सुट्टीत एकीनं मला विचारलं, "तुम्ही रात्री झाडावर झोपता का गं?" आणि सगळ्या हसल्या. मी पण हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, त्यांच्या नाही, माझ्या. त्याच आठवड्यात मी काकूंना एका पाहुण्या बाईंशी बोलताना ऐकलं. "वरचे भाडेकरू ना? अहो, अगदी आपल्यासारखेच आहेत." काकू हे कौतुकानं म्हणाल्या. मी जिन्यात उभी होते. ते वाक्य मी जपून ठेवलं, आणि त्या दिवसापासून ते खरं ठरवायच्या मागे लागले. घरात आपल्या बोलीत बोलणं सोडलं, आईला "हाय" म्हणू नको म्हणून टोकायला लागले, डब्यात भाकरी नेणं बंद केलं. आई पोळ्या करायला लागली, वाकड्यातिकड्या.

आमच्याकडे तेऱ्याचा सण असतो. पाऊस लागला की रानात तेरा उगवतो, अळूसारख्याच पानांचा. गावानं दिवस ठरवून तो आधी देवाला द्यायचा, मग शिजवून सगळ्यांनी खायचा, आणि त्यानंतरच त्या वर्षीची नवी रानभाजी तोंडात घालायची. तोवर कितीही कोवळी, कितीही लुसलुशीत दिसली तरी नाही. रानाला आधी विचारायचं, मग घ्यायचं, इतकं ते साधं आहे. आज मला हे सांगताना अभिमान वाटतो, मुलांना वर्गात सांगतेसुद्धा. नाशकात आल्यावर आईनं आपल्यापुरते नियम बसवले होते. बाजारातली मेथी-पालक चालेल, ती माणसानं पेरलेली. अळू मात्र नाही, तो तेऱ्याचा भाऊच. गावाकडचा कुणीतरी अंबडला कामाला होता, तो बाबांना सांगायचा, तेरा झाला. मग आई अळू आणायची.

त्या वर्षी निरोप अजून यायचा होता. शनिवार होता, बाबांच्या कारखान्याला शनिवारची सुट्टी असायची, म्हणून ते घरी होते, आणि मीही शाळेतून परतले होते. अकराच्या सुमाराला काकू जिना चढून आल्या. हातात ताटली, ताटलीत अळूच्या वड्या, तेलातून नुकत्या काढलेल्या. त्यांच्या मागच्या अंगणात, मोरीचं पाणी जायचं तिथं अळू माजला होता. "पहिला घाणा," त्या म्हणाल्या. "देवाला दाखवला आणि तडक वर आले. गरम आहेत तोवर खा." त्या चढून दमल्या होत्या, आणि खूश होत्या.

आईनं ताटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि तशीच परत त्यांच्या हातात दिली. "आता नाय चालत, काकू."

"नाही चालत?" काकूंना कळेना. "म्हणजे काय गं?"

आई बोलायला लागली, पण तेरा, देव, गाव हे सगळं तिच्या भाषेत तिला सोपं होतं. काकूंच्या भाषेत जमेना. ती दोन शब्द बोलून थांबली आणि माझ्याकडे वळली. "सुने, तू सांग त्यांना नीट. खाली जा त्यांच्यासंगं, ताटली धर, आन् सांग." काकूंसमोर आईला असं अडखळताना बघवेना, म्हणून बाबाही म्हणाले, "हां, तू सांग. तुला येतं नीट बोलता."

आम्ही जिना उतरलो. मी पुढे ताटली घेऊन, काकू मागे कठडा धरून. मला सगळं सांगता आलं असतं. मराठीत मी वर्गात दुसरी होते. पण माझ्या डोळ्यांपुढे ती मधली सुट्टी आली. देव, रान, गावाचा हुकूम, हे काकूंना सांगायचं म्हणजे आपण झाडावर झोपतो हे कबूल करण्यासारखं वाटलं. आणि मग ते "अगदी आपल्यासारखेच" गेलं असतं. शेवटच्या पायरीवर मी म्हणाले, "काकू, आईचा आज उपास आहे. शनिवारचा."

काकूंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बघ, किती सोपं होतं. "अगं बाई! मग हे आधी नाही का सांगायचं? आणि मी मेली तिच्यापुढे तळण घेऊन गेले." त्यांनी ताटली माझ्या हातातून काढून घेतली, दोन वड्या माझ्या हातावर ठेवल्या आणि आत वळल्या. तेरा व्हायचा होता तरी मी त्या दोन्ही खाल्ल्या. चवही आठवत नाही, इतक्या घाईनं. मग मी वर गेले आणि आईनं विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणाले, "सांगितलं."

आता वरईचं सांगायला हवं. वरई म्हणजे आमच्या डोंगरातलं रोजचं धान्य. तांदूळ संपला की वरई, सुकटीबरोबर, उडदाच्या आमटीबरोबर, कशाहीबरोबर. नाशकात तिला भगर म्हणतात आणि ती उपासाला खातात. हा फरक मला माहीत होता. आईला माहीत नव्हता, आणि तो तिला सांगावा असं मला कधी वाटलं नव्हतं.

तासाभरानं काकू परत वर आल्या. हातात झाकलेलं पातेलं. आई-बाबा नुकते जेवायला बसले होते; समोर नागलीची भाकरी आणि भाजलेली सुकट, कांदा घालून. दार लोटलेलं होतं, ते मीच उघडलं. काकूंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफाळती भगर, वर तूप, आणि वाटीत दाण्याची आमटी. त्यांनी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून ती केली होती. उपास करणाऱ्या बाईला आपल्या हातचं फराळाचं द्यावं, त्याचं पुण्य लागतं, असं त्या मानणाऱ्या.

त्यांची नजर आधी ताटाकडे गेली. मग आईकडे. मग माझ्याकडे.

आईनं मात्र फक्त पातेलं पाहिलं. ती एकदम उठली. इतकी हरखलेली आई मी नळाच्या पहिल्या दिवसानंतर पाहिली नव्हती. "आमच्या वरईचा भात! काकू, तुम्ही आमच्यासाठी वरई शिजवलीत?" तिनं हात धुतला, पातेलं घेतलं, बाबांना दाखवलं, "बघा, बघा," आणि काकूंच्या देखत दोन मोठे डाव आपल्या ताटात वाढून घेतले, सुकटीवरच, जशी आम्ही नेहमी खायचो तशी. कालवून घास घेतला आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "लय गोड झालाय. बसा ना, तुम्ही बी बसा."

काकू बसल्या नाहीत. "भांडं सावकाश द्या," म्हणाल्या आणि गेल्या. "द्या" म्हणाल्या, "दे" नाही. ते माझ्या एकटीच्याच लक्षात आलं. मी भिंतीला टेकून उभी होते. आई मला म्हणत होती, "ये, खाऊन बघ, काकूंनी तूप घातलंय."

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना काकूंनी मला बोलावलं. आवाज शांत होता. "सुनीता, उपास आहे असं तूच म्हणालीस ना?" मी मान हलवली. "आईनं सांगायला सांगितलं होतं?" इथं माझ्या हातात सगळं होतं. एक शब्द, नाही, एवढाच. मी पुन्हा मान हलवली.

काकूंनी चिमटा लावला. "माझ्या हातचं नको असेल तर नको म्हणावं. मी काही रागावले नसते. पण देवाच्या नावावर खोटं? आणि वर माझ्याच डोळ्यांदेखत ते तसं कालवून खायचं? मला काय वेड्यात काढता?" त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या मोठ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आपण आणलं, या विचारानं मी इतकी घाबरले की पळून वर गेले. आईनं विचारलं, काय म्हणत होत्या? मी म्हणाले, काही नाही.

त्यानंतर काकू वर आल्या नाहीत. भांडण नाही, टोमणा नाही, खोल्या सोडा असंही नाही. जिन्यात भेटल्या की त्या आईला "अहो" म्हणू लागल्या. आईला आधी त्याचा आनंदच झाला. रात्री बाबांना तिनं कौतुकानं सांगितलं, "आता काकू मला अहो म्हणत्यात." मी पांघरूण तोंडावर ओढलं. आठ-दहा दिवस ती दुपारी पाटी पुसून खालच्या पायरीवर बसायची. पावसाळ्यात जोडाक्षरं म्हणाल्या होत्या ना. नंतर ती पाटी घेऊन बसायची थांबली. एक दिवस तिनं नागलीचे पापड तळून डबा भरून खाली नेला. काकूंनी दारातच घेतला. संध्याकाळी डबा परत आला, घासून, पुसून, लखलखीत आणि रिकामा. त्याआधी आमचं एकही भांडं काकूंनी रिकामं पाठवलं नव्हतं, काही नसलं तर चमचाभर साखर तरी असायची. आईनं झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. तेव्हा तिला कळलं. काय कळलं ते तिलाही सांगता आलं नसतं, पण कळलं.

तिनं मला विचारलं, "सुने, तू त्यांना तेऱ्याचं नीट सांगितलं होतंस ना?"

"हो."

"मग माझंच काय तरी चुकलं असंल."

वर्षभरानं आम्ही अंबडजवळ राहायला गेलो. बाबांना कारखाना जवळ पडला, एवढंच कारण सांगितलं गेलं. निघताना आई काकूंच्या पाया पडली आणि काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अंबडला शेजार चांगला होता. आई कुणाच्या दारात जाऊन बसली नाही. अजूनही बसत नाही. टीव्हीवरची अक्षरं ती एकेक करून लावते, जोडाक्षर आलं की थांबते आणि मला विचारते. मी सांगते. मी तिला शिकवायचा प्रयत्न केला, शिक्षिका आहे मी, पण तिनं हसून टाळलं.

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. लहान पोरीचं खोटं, त्यात काय एवढं, असं लोक म्हणाले असते, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात आई माझ्याकडे होती. ती बाजारातून आणलेली अळूची पानं पुसत बसली होती. तेरा झाल्याचा फोन भावकीतून सकाळीच आला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "त्या बाईनं माझ्याशी बोलणं का सोडलं, मला कधी समजलंच नाय बघ. लय माया होती त्यांची. माझंच चुकलं काय तरी." पस्तीस वर्षांत ती हे वाक्य कितव्यांदा बोलली, कोण जाणे. त्या दिवशी मला ते सोसलं नाही. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. उपास, भगर, अंगणात दोनदा हलवलेली मान. मला वाटलं होतं, ती रागावेल. किंवा रडेल. किंवा नेहमीसारखी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणेल, जाऊ दे, ल्हान होतीस.

तिचा हात पानावर थांबला. मग तिनं हातातलं पान बाजूला ठेवलं.

"मला कशाला सांगतीस?" ती म्हणाली. "मी तुला काय, तवाबी माफ केलं असतं. त्यांना सांगायचं होतंस."

काकूंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.